जमिनीखालची केबल : बिघाड कसा शोधावा, कसा टाळावा



पेटीपासून विहिरीपर्यंत वा बोअरपर्यंत जमिनीखालून नेलेली केबल नीट चालते तोवर तिची आठवण कोणाला होत नाही. वैशाखात ऊस आठ-दहा दिवसांच्या पाळीने पाणी मागत असतो, आणि नेमका तेव्हाच स्टार्टर दाबला की फ्यूज उडतो. मग कुदळ-फावडे घेऊन धावपळ सुरू होते. बिघाड कोठे आहे हे न ठरवता उकरायला लागलो, की पाण्याची एक पाळी हमखास हुकते. मीटरच्या पुढची केबल आपली स्वतःची असते, तेव्हा तिची माहितीही आपल्यालाच हवी.

आपल्याकडे फ्यूज उडाला की पहिला संशय मोटारीवर. कप्पी लावायची, चार गडी गोळा करायचे, पाईपासकट मोटार बोअरमधून वर ओढायची, दुकानात न्यायची. आणि तिथे ती ठणठणीत निघायची! खर्च गेला, दोन दिवस गेले, ऊस तहानलेला तो तहानलेलाच. त्याआधी अर्ध्या तासाचे एक काम करून घ्यावे. पुरवठा बंद करून केबलची दोन्ही टोके सोडवावी, स्टार्टरकडचे आणि विहिरीवरचे. कपॅसिटर असेल तर तोही वेगळा करावा. मग लायसन्सवाल्या वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तिन्ही तारा एकमेकींशी, आणि प्रत्येक तार आर्मरशी, म्हणजे बाहेरच्या पोलादी कवचाशी, तपासून घ्यावी. आकडा १ मेगओहमच्या खाली आला तर ती केबल चालू करू नये. चांगल्या केबलचा आकडा याच्या कितीतरी वर असतो. केबल धड निघाली तरच मोटारीकडे वळावे.

लक्षणांवरूनही बरेच कळते. स्टार्टर दाबताक्षणी फ्यूज जातो, तेव्हा दोन तारा आतल्या आत भिडलेल्या असण्याचा संभव जास्त. मोटार नुसती घुं-घुं करते, फिरत नाही, तेव्हा एक फेज कोठेतरी तुटला आहे. तो डीपीवरही तुटलेला असू शकतो, म्हणून आधी पेटीत तिन्ही फेज येतात का ते पाहावे. कोरड्यात चालते पण ओलीत झाले की ट्रिप होते, अशी केबल जमिनीत वीज पाझरते आहे असे समजावे. या तिसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष होते आणि तोच सर्वांत वाईट. ओल्या जमिनीत वीज पसरली की पुढच्या व मागच्या पायांतले अंतर जास्त असल्यामुळे बैलाला माणसापेक्षा जबर झटका बसतो, आणि तो प्रवाह त्याच्या छातीतून जातो. सरीत अनवाणी पाणी वळवणारा गडीही तितकाच धोक्यात असतो. काही जण केबल चालू ठेवून जमीन कोठे गरम लागते, कोठे वाफ निघते ते हाताने चाचपतात. हा खेळ कृपा करून कोणी करू नये. फ्यूज टिकत नाही म्हणून त्यात जाड तार घालणे हाही त्याच जातीचा शहाणपणा. फ्यूज टिकतो आणि केबल जळते.

आता जागा शोधण्याकडे येऊ. प्रथम डोळ्यांनी पाहावे. जुना सांधा, पांदण ओलांडण्याची जागा, धुऱ्याचे वळण, अलीकडे जेसीबी किंवा ठिबकच्या चराचे काम झालेली जागा, सबसॉयलर फिरलेली पट्टी, पाचट जाळलेली पट्टी. पुष्कळ बिघाड अशाच ठिकाणी सापडतात. मध्ये एखादा सांधा असेल तर तो उघडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मेगरने तपासाव्या, म्हणजे निम्मे वावर हिशेबातून सुटते. मात्र शोधण्यासाठी म्हणून धड केबल मध्येच कापू नये. प्रत्येक नवा सांधा हा उद्याच्या बिघाडाचा उमेदवार असतो.

एवढ्याने भागले नाही तर मोजमाप करावे लागते. १० चौरस मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम तारेचा रोध एका किलोमीटरला जेमतेम ३ ओहम असतो, ३०० मीटरला १ ओहमही नाही. साध्या मीटरवर एवढा बारीक फरक भरवशाने वाचता येत नाही. म्हणून पूर्वीपासून मरे लूप नावाची पद्धत आहे. दूरच्या टोकाला बिघडलेली तार एका चांगल्या तारेला जोडतात. ३०० मीटर केबलचा असा जाऊन-येऊन ६०० मीटरचा वळसा होतो. बिघाड या वळशाच्या कितव्या हिश्श्यावर आहे ते अलीकडच्या टोकाला ठेवलेला ब्रिज सांगतो. तार सगळीकडे सारख्या जाडीची, म्हणून रोध लांबीच्या प्रमाणात असतो, एवढेच त्यातले मर्म. पाचवा हिस्सा निघाला तर बिघाड १२० मीटरवर. नंतर उलट्या टोकाकडून मोजावे. तिकडून १८० च्या आसपास आले, म्हणजे दोन्ही मिळून ३०० भरले, तर बिनधास्त खणावे. मात्र एक तार तरी शाबूत हवी.

दुसरे यंत्र केबलमध्ये विजेचा सूक्ष्म ठोका सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजते. पीव्हीसी केबलमधून हा ठोका मायक्रोसेकंदाला साधारण १६० मीटर धावतो. जाऊन-येऊन २ मायक्रोसेकंद लागले तर बिघाड सुमारे १६० मीटरवर. तुटलेली किंवा भिडलेली तार यात चटकन दिसते. नुसता ओलावा शिरून पाझरणारी केबल मात्र नीट दिसत नाही, तिथे ब्रिजच बरा. ही यंत्रे महाग असल्याने एकट्याने घेण्यासारखी नाहीत. शिवारातल्या चार-सहा जणांनी मिळून एकाच दिवशी तपासणारा माणूस बोलवावा.

खणण्यापूर्वी पुरवठा बंद, फ्यूज काढून खिशात, ऑटो-स्विच बंद आणि पेटीला कुलूप. पाळीची वीज केव्हा येईल याचा भरवसा नसतो.

आपल्या पुसद-उमरखेड-महागावकडील काळ्या जमिनीबद्दल मुद्दाम सांगितले पाहिजे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती सरकली की तिच्यात ताणून घातलेली केबलही ओढली जाते आणि सांधा निसटतो. भेगेतून पहिल्या पावसाचे पाणी थेट केबलपर्यंत उतरते. शिवाय केबलची उष्णता भोवतालच्या मातीने वाहून न्यायची असते. माती वाळून भेगाळली की केबलभोवती हवा राहते आणि ती आतल्या आत तापते. हे मोठ्यांनाही चुकलेले नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या मुख्य भागाला चार मोठ्या केबली वीज पुरवीत. १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, कडक कोरड्या उन्हाळ्यात, त्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहराच्या मध्यभागाचे सुमारे पाच आठवडे हाल झाले. जुन्या केबली हे कारण होतेच, पण पुढच्या चौकशीत केबलभोवतीच्या भरावाचाही प्रश्न निघाला.

म्हणून केबल पुरताना घाई नको. चपटी सबमर्सिबल केबल बोअरमध्ये उतरवण्यासाठी असते, ती मातीत गाडू नये. जमिनीसाठी आर्मरवालीच घ्यावी. भारतीय मानकाप्रमाणे अशा केबलचा चर ७५ सेंटिमीटर, आणि रस्ता ओलांडताना १ मीटर खोल असावा. वीतभर चरात पुरलेली केबल नांगराच्या फाळाला हमखास लागते. खाली आणि वर सुमारे ८ सेंटिमीटर वाळू, त्यावर विटांची ओळ, मग माती. केबल किंचित नागमोडी टाकावी, दोन्ही टोकांना दोन-तीन मीटर जादा वेटोळे ठेवावे. केबलच्या जाडीच्या १२ पटींपेक्षा कमी त्रिज्येचे वळण देऊ नये. पांदणीखाली पाईप घालावा, कारण हंगामात त्यावरून उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या जातात. त्या पाईपची तोंडे बुजवली नाहीत तर उंदरांना आयते घर मिळते. सांधा टाळता येत नसेल तर रेझिनच्या किटनेच करावा आणि आर्मर दोन्हीकडून जोडून घ्यावा. चिंध्या आणि टेप गुंडाळलेला सांधा एक पावसाळा काढला तरी खूप. पेटीत ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर बसवावा. तो वारंवार पडू लागला तर काढून टाकू नये, केबल तपासावी.

चर बुजवण्याआधी विहीर, डीपी आणि एखादे जुने झाड यांपासून अंतरे मोजून वहीत नकाशा काढावा, वळणावर आणि सांध्यावर खुणेचे दगड पुरावे, मोबाईलवर फोटो घ्यावा. त्याच वहीत वर्षातून दोनदा, दसऱ्याच्या सुमारास आणि उन्हाळ्याच्या तोंडी, मेगरचा आकडा तारखेसह लिहावा. तो आकडा दर वेळी घसरत असेल तर मोटार अजून चालते यावर भिस्त न ठेवता उन्हाळ्याच्या आत केबल बदलावी. नवी केबल टाकण्यास पावसाळा संपून जमिनीला वाफसा आल्यावरचे दिवस बरे. तेव्हा चरही सुबक पडतो आणि भेगांचा त्रास नसतो.