लोककवी वामनदादा कर्डक : शेवटच्या कडव्यातले नाव

लातूर जिल्ह्यातील आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. तरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र मी प्रथम ऐकले ते तिच्याच तोंडून, आणि तेही गाण्यांतून. "ही गाणी कुणाची गं?" असे एकदा विचारले, तर म्हणाली, "शेवटच्या कडव्यात नाव हाय की, वामन!" त्या वामनाचा, म्हणजे लोककवी वामनदादा कर्डकांचा, अल्प परिचय येथे करून देत आहे.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. पुढे पोटासाठी ते मुंबईला आले. तेथे चाळीत कुणीतरी पत्र वाचावयास दिले, ते त्यांना वाचता येईना. ती गोष्ट मनाला लागली व ऐन तारुण्यात त्यांनी अक्षरे गिरवली. १९४३ मध्ये पहिले गीत लिहिले. मग लेखणी थांबली नाही. त्यांनी हजारो गीते रचली व गावोगावी जाऊन गायिली. 'वाटचाल' (१९७३) व 'मोहळ' (१९७६) हे त्यांचे गीतसंग्रह. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची भाषा बोलीची, चाल ओळखीची, धृपद साऱ्या वस्तीला धरता येईल असे. आमच्या मराठवाड्यात विद्यापीठ नामांतराच्या लढ्यात, १९७८ ते १९९४ या काळात, अशाच गीतांनी लोकांना धीर दिला. संत नामदेव-चोखोबांच्या अभंगांप्रमाणे वामनदादांच्या गीतांतही शेवटी कवीची नाममुद्रा येते. जेथे पुस्तक पोचत नाही तेथे कवीचे नाव गाण्यातूनच पोचते.

दिवाळीच्या सुट्टीत आजीकडून मी अकरा गाणी वहीत उतरवून घेतली. त्यांतील दोन गाण्यांचे शेवटचे कडवे तिला आठवेना. ती वामनदादांची की दुसऱ्या कुणाची, हे आता कोण सांगणार? नांदेडला जयंतीच्या कार्यक्रमातही वेळ नाही म्हणून शेवटचे कडवे गाळलेले मी ऐकले आहे. कडवे गेले की कवीही गेला!

म्हणून मित्रहो, सुट्टीत गावी जाल तेव्हा वही सोबत न्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत लिहून घ्या. आपल्याला लिहिता येते, त्याचे हे पहिले देणे आहे.