हात गार पडले तरी षड्ज लागतो

परवा तालीम संपल्यावर तंबोऱ्याला गवसणी घालता घालता तू हळूच विचारलंस, "ताई, स्टेजवर जायच्या आधी माझे हात गार पडतात, घसा कोरडा होतो. मी मैफलीत गाऊच नये का?"

पोरी, हाच प्रश्न मी माझ्या गुरुजींना विचारला होता. त्यांनी दिलेले कानमंत्र आणि पुढे चाळीस वर्षं शिकवताना जे उमगलं, ते तुझ्या पदरात घालते.

भीती वाटते म्हणजे गाणं कच्चं, असं अजिबात नाही. पाब्लो कासाल्स चेलोवादक म्हणून जगभर गाजले, पण कार्यक्रमाआधीची घालमेल त्यांना जन्मभर सुटली नाही. तरीही 1971 साली, वयाच्या 94व्या वर्षी, ते संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात वाजवायला बसले. संकट समोर आहे असं वाटलं की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, कातडीकडचं रक्त आत वळतं म्हणून बोटं गार पडतात, लाळ आटते, श्वास वरच्या वर चालतो. हे प्रत्येकाला होतं. त्यामुळे 'मला असं का होतंय' म्हणून स्वतःवर चिडू नकोस.

श्वास सोडायला शीक. विंगेत उभी असशील तेव्हा चार मात्रा श्वास आत घे आणि आठ मात्रा सावकाश सोड. असं दहा वेळा कर. उच्छ्वास लांबला की नाडी संथ होते. त्या दिवशी चहा-कॉफी कमी घे, त्यानं धडधड वाढते. कोमट पाणी जवळ ठेव.

तंबोरा स्वतः लाव. पंचम छेड, मग जोड, मग खर्ज. जोडाच्या दोन तारा एकमेकींत मिसळेपर्यंत मान वर करू नकोस. खर्जातून आपसूक गंधार ऐकू येऊ लागला की समज, तंबोरा लागला. कान तो गंधार शोधत असतात तेव्हा समोर किती माणसं बसलीत हे मोजायला मनाला सवड नसते.

लय आधीच सांगून ठेव. घाबरलं की सगळ्याचीच घाई होते आणि आपल्याला ते कळतही नाही. विलंबित एकतालाची तुझी रियाजातली लय तबलजींना आतच हातावर दाखव. पट्टी रोजचीच ठेव. सुरुवातीची दहा मिनिटं मंद्रात राहा, श्वासाला पेलतील एवढ्याच छोट्या जागा घे. तार षड्ज कुठे पळून जात नाही.

चुकल्यावर परत यायचाही रियाज कर. बावीस वर्षांची असताना गणेशोत्सवातल्या एका मैफलीत मी बागेश्रीचा अंतरा साफ विसरले. डोळे भरून आले. गुरुजी पुढेच बसले होते. त्यांनी नुसता मुखडा गुणगुणला, मी तो धरला आणि समेवर आले. घरी जाताना म्हणाले, "शब्द गेले तर आकारात जा. सम मात्र सोडू नकोस." तेव्हापासून मी तुम्हा मुलींना मधेच थांबवून मुखडा पकडायला लावते, ते याचसाठी.

श्रोते हळूहळू वाढव. आधी घरच्यांसमोर गा, मग शेजारच्या चौघांसमोर, मग गुरुपौर्णिमेला, मग देवळात. साडी नेसून, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून, चुकलं तरी न थांबता चाळीस मिनिटं गा. कार्यक्रम टाळलास तर त्या दिवशी सुटल्यासारखं वाटेल, पण पुढचा दुप्पट जड जाईल.

गोळी कुणाची मागून घेऊ नकोस. प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी धडधड आणि थरथर कमी होते. परदेशी वाद्यवृंदांतले अनेक वादक त्या घेतात. पण दमा असणाऱ्याला त्या धोक्याच्या असतात, आणि मनातली भीती त्यांनी मुळासकट जात नाही. डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्यायची, आणि पहिल्यांदा घेऊन बघायची ती मैफलीच्या दिवशी नव्हे.

आठ-आठ दिवस आधीपासून झोप उडत असेल, आलेली आमंत्रणं तू नाकारू लागली असशील, तर मला सांग. आपण मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी नावाच्या उपचारात भीती वाढवणारे विचार तपासायला आणि टप्प्याटप्प्यानं भीतीला सामोरं जायला शिकवतात. त्याचा चांगला उपयोग होतो. घसा बसला तर आपण डॉक्टरकडे जातोच ना? मग यातही कमीपणा नाही.

येत्या रविवारी चौघांना घरी बोलाव. तंबोरा तू लाव. मी पुढेच बसेन.