बुलूग आणि रुश्द : वयात येणाऱ्या मुलांचे संगोपन

फिकहच्या पुस्तकांत दोन शब्द जोडीने भेटतात : बुलूग आणि रुश्द. बुलूग म्हणजे वयात येणे. रुश्द म्हणजे हिताहिताची, नफानुकसानीची पारख येणे. पहिला शब्द आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मुलगा वा मुलगी वयात आली की नमाज, रोजा फर्ज होतो, हे आपण सांगतो व सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या शब्दाचा मात्र आपल्याला विसर पडला आहे. मिसरूड फुटलेल्या मुलाकडून आपण एकदम प्रौढाच्या समजेची अपेक्षा करतो आणि ती दिसली नाही की संतापतो.

सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांच्या पालकांना आदेश आहे. मुले विवाहयोग्य वयाला पोहोचेपर्यंत त्यांना पारखत राहावे आणि त्यांच्यात रुश्द दिसला तर त्यांची मालमत्ता त्यांच्या हवाली करावी, असा त्याचा आशय. म्हणजे वय ही एक अट आणि समज ही दुसरी. वयात येऊनही ज्याच्यात रुश्द नाही, त्याची मालमत्ता २५ वर्षांपर्यंत त्याच्या हाती देऊ नये, असे इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत आहे. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते तर रुश्द दिसेपर्यंत देऊच नये, मग कितीही वर्षे लागोत.

मेंदूच्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत त्याच त्या मुलांची वर्षानुवर्षे एमआरआय तपासणी करून या वयाचा शोध घेतला. त्यात असे आढळले की भावना, उत्कंठा आणि मौजेची ओढ यांच्याशी संबंधित भाग किशोरवयात जोमाने काम करू लागतात. परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा, कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. यावरून इमामसाहेबांनी मेंदूशास्त्र सांगून ठेवले होते, असा दावा कोणी करू नये. फुकहांनी माणसे पाहिली होती, एवढेच म्हणणे पुरेसे आहे.

अमेरिकेतील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळताना मित्र सोबत असले की किशोरांनी एकटे असतानापेक्षा जास्त धोके पत्करले. प्रौढांवर मित्रांचा तसा परिणाम दिसला नाही. हे वाचताना रमजानच्या रात्री आठवतात. तरावीहनंतर जुन्या नाशिकच्या रस्त्यांवर एका मोटारसायकलवर तिघे बसून सुसाट निघतात. त्यातलाच एखादा मुलगा सकाळी एकटा पाव आणायला जातो, तेव्हा तीच गाडी नीट चालवतो. चावी देणाऱ्या अब्बांना हा सकाळचा मुलगा दिसतो, रात्रीचा दिसत नाही.

गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षांपूर्वी मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकाला वा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. पुन्हा तोच आकडा! १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. दंड भरता येतो. गेलेल्या जिवाचा हिशेब आखिरतमध्ये द्यायचा आहे, आणि त्यात चावी देणाऱ्या हाताचाही वाटा आहे.

मग मुलांना बांधून ठेवायचे का? नाही. आयतीचा आदेश पारखण्याचा आहे, आणि काहीच हाती न देता पारख होत नाही. मुफस्सिरांनी याची रीत सांगितली आहे : थोडा पैसा देऊन तो कसा वापरला जातो ते पाहावे. दुकानदाराने मुलाकडे एका दिवसाचा गल्ला सोपवावा. महिन्याचा किराणा मुलीने ठरवावा, आणि मुलानेही. हे काम केवळ मुलींचे नाही. दोनशे रुपयांची चूक झाली तर होऊ द्यावी, ओरडू नये, फक्त हिशेब विचारावा. ही चूक स्वस्त आहे. आपण मात्र वर्षभर दहा रुपयांचाही विश्वास टाकत नाही आणि दहावीच्या निकालावर एकदम गाडी देऊन टाकतो.

बोलण्याची रीतही शिकावी लागेल. मुसनद अहमदमध्ये हजरत अबू उमामा (रजि.) यांची रिवायत आहे. एका तरुणाने प्रेषितांकडे (स.) चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बसवले आणि विचारले, हे तुझ्या आईच्या बाबतीत तुला आवडेल का? मुलीच्या? बहिणीच्या? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला. मग त्याच्यावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली. परिणामांचा जो विचार त्या तरुणाला सुचला नव्हता, तो प्रेषितांनी (स.) प्रश्न विचारून त्याच्याकडूनच करून घेतला. आपल्या घरात असा प्रश्न निघाला तर आधी हात उठतो, आणि पुढचा प्रश्न मूल आपल्याला विचारत नाही; मोबाईलला विचारते.

काही हुशार मुले यावर म्हणतील, मेंदू कच्चा आहे तर नमाजही २५ नंतर! तसे नाही. फुकहांनी रुश्दची अट मालमत्तेला लावली, इबादतीला नाही, फर्ज बुलूगपासूनच. पण फर्ज पार पाडायला मदत करणे पालकांचे काम आहे. या वयात शरीराचे झोपेचे घड्याळच उशिरा सरकते, म्हणून फजरला न उठणारा प्रत्येक मुलगा आळशी नसतो. इशानंतरच्या गप्पा प्रेषितांना (स.) नापसंत होत्या. तेव्हा इशानंतर घरातले सगळे मोबाईल एका कपाटात जावेत, अब्बांचाही.