खडकाच्या फोटोत हातोडा कशाला?

प्रश्न : आमच्या गच्चीवरून गिल्बर्ट हिल दिसते. मध्यंतरी तिथे कॉलेजची मुले त्यांच्या सरांबरोबर आली होती. फोटो काढायचा की आधी कुणीतरी हातोडा नाहीतर पेन खडकाला टेकवून ठेवी. एवढा देखणा कडा, त्यात हातोडा कशाला? आणि टेकडीचे वय कुणी साडेसहा कोटी वर्षे सांगतो, कुणी सहा कोटी. खरे कोणते?
– एक वाचक, अंधेरी (पश्चिम)

उत्तर : हातोडा मापासाठी. झाड, घर, माणूस यांचा आकार डोळ्यांना ठाऊक असतो, खडकाचा नसतो. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडलेल्या बहुकोनी भेगा आणि बेसॉल्टच्या स्तंभांची वरून दिसणारी टोके यांचे जवळून घेतलेले फोटो शेजारी ठेवा. त्यांतले वीतभर काय आणि हातभर काय, हे नुसत्या नजरेने सांगणे कठीण. साधारण फूटभराचा हातोडा मध्ये आला की प्रश्न मिटतो. छोट्या जीवाश्माशेजारी पेन पुरते, कड्यासमोर माणूस उभा करावा लागतो. नाणे मात्र बेभरवशाचे. आपल्या रुपयाचाच आकार किती वेळा बदलला! म्हणून शोधनिबंधात सेंटिमीटरची पट्टीच बरी.

माप झाले की दिशा. गिल्बर्ट हिलचा सुमारे २०० फुटांचा काळा कडा म्हणजे एकमेकांना चिकटलेले उभे स्तंभ. लाव्हा निवताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून आत आत जातात. त्यामुळे स्तंभ कुठे झुकले आहेत त्यावरून लाव्हा कोणत्या बाजूने निवला याचा अंदाज बांधता येतो. मोबाइल वाकडा धरला तर सरळ स्तंभही फोटोत कललेला दिसणार आणि अंदाज चुकणार. म्हणून फोटो समपातळीत घेऊन आपण कोणत्या दिशेला पाहत होतो ते वहीत टिपायचे. उन्हाचाही विचार हवा. भर दुपारी भेगा सपाट दिसतात, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात.

आता वय. आयआयटी मुंबईचे प्रा. हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन पद्धतीने काढलेले या खडकाचे वय २००१ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले : सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षे, १२ लाख इकडे-तिकडे. साडेसहा कोटींहून थोडा जास्त हा आकडा दख्खनच्या लाव्हाच्या मुख्य उद्रेकांचा. तोच सरसकट गिल्बर्ट हिललाही चिकटवला जातो. ही टेकडी त्या उद्रेकांच्या बरीच नंतरची. याच प्रा. शेठ यांचा ‘अ फोटोग्राफिक अ‍ॅटलस ऑफ फ्लड बेसॉल्ट व्हॉल्कॅनिझम’ हा ग्रंथ २०१८ साली आला. विषय लाव्हाच्या अफाट थरांचा, आणि तो मांडला आहे छायाचित्रांतून.

उपनगरांत अशा फोटोंना जास्तच मोल आहे. इथे खाणीने खडक उघडा पाडला आणि खाणीनेच तो संपवला. जोगेश्वरीजवळच्या आंबोलीच्या खाणीत लाव्हाच्या दोन थरांमधला गाळ उघडा पडला. त्यात सापडलेल्या कासवाचे ‘सांकुचेमिस सेठनाय’ असे नामकरण २००३ साली झाले. जीवाश्म संग्रहालयात जाऊ शकतो. तो कोणत्या थरात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी होता, हे तिथे जात नाही. खाण बुजली, वर इमारत उभी राहिली की ते सांगायला वही आणि फोटोच उरतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी कोरली आहेत त्या खडकात ज्वालामुखीने फेकलेले, वेगवेगळ्या आकारांचे तुकडे रुतलेले आहेत. लेण्यांची छायाचित्रे दीडशे वर्षांहून अधिक काळ काढली जात आहेत, पण त्या तुकड्यांशेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो वेगळेच सांगेल.

तुम्हालाही करण्यासारखे आहे. दरवर्षी मे महिन्यात, गवत वाळलेले असताना, गच्चीच्या एकाच कोपऱ्यातून कड्याचा एक फोटो घ्या. चौकटीत शेजारची एखादी इमारत येऊ द्या, तीच तुमची पट्टी. दगड निखळला किंवा बांधकाम पुढे सरकले, तर दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवताच कळेल. लोकेशन चालू ठेवा. आणि फोटो कुणा अभ्यासकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा झाला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एरवी तो आकसतो आणि त्यातली जागेची नोंद वाटेत गळून पडते.