एंजिन बंद पडल्यावर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याच्या मातोश्री आम्हांस भेटावयास आल्या. चिरंजीवांच्या मनांत वैमानिक होण्याचें आहे. शिक्षणासाठीं जें लहान विमान मिळतें, त्यास बहुधा एकच एंजिन असतें, हें त्यांच्या कानावर आलें होतें. त्यांनीं सरळच विचारलें, "सर, तें एक एंजिन आकाशांत बंद पडलें, तर माझ्या मुलाचें काय?" त्या वेळीं आम्हीं धीराचे दोन शब्द बोललों, परंतु धीर देणें म्हणजे उत्तर देणें नव्हे, हें घरीं जातांना आमचें आम्हांसच बोंचूं लागलें. तें उत्तर विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंही मांडावें, म्हणून हा लेख.

एंजिन थांबलें कीं विमान दगडासारखें खालीं येतें, ही समजूत चुकीची आहे. विमानास तोलून धरतात ते त्याचे पंख. आणि पंखांस हवें असतें तें त्यांच्यावरून वाहणारें वारें. एंजिन केवळ वेग देतें. तें बंद पडल्यास वैमानिक विमानाचें नाक किंचित् खालीं करतो, म्हणजे विमानाचें वजनच त्यास पुढें नेऊं लागतें. घाट उतरतांना पायडल न मारतांही सायकल धांवते, तसाच हा प्रकार. सेस्ना १७२ हें जगांत सर्वत्र आढळणारें लहान विमान घ्या. वारा नसतांना, योग्य वेग राखल्यास, एक मीटर खालीं येतां येतां तें सुमारें नऊ मीटर पुढें जातें. म्हणजे एक हजार मीटर उंचीवर एंजिन बंद पडलें, तर सुमारें नऊ किलोमीटरच्या टापूंतील एखादें शेत किंवा माळरान निवडतां येतें. समोरून वारा असला तर हें अंतर घटतें आणि प्रत्येक वळणास उंचीची किंमत मोजावी लागते, हेंही ध्यानांत ठेवावें.

मग माणसें मरतात तीं कशानें? पुष्कळदां एका साध्या मोहानें. शेत थोडें दूर दिसतें, आणि वैमानिक नाक वर ओढून तेथवर पोहोंचूं पाहतो. त्यामुळें अंतर वाढत नाहीं. उलट वेग घटतो, पंखांवरील हवेचा प्रवाह तुटतो, एक पंख खचतो आणि विमान गिरक्या घेत कोसळतें. उड्डाण करतांच थोड्या उंचीवर एंजिन थांबलें असतां मागें वळून धावपट्टी गांठण्याचा मोह याच जातीचा आहे. म्हणून शिक्षक पुनः पुनः बजावतात कीं, भुईस टेकेपर्यंत वेग सोडूं नये, आणि उंची थोडी असेल तर जें समोर आहे त्यांतच उतरावें.

आतां थोडें गणित करूं. गतिमान् वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, हें आपण वर्गांत शिकलों आहों. ताशीं १०० किलोमीटर वेगाचें विमान भिंतीवर आदळून एका मीटरांत थांबलें, तर आंतील माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारें ३९ पट जोर येतो. तेंच विमान साडेचार मीटरांत सारख्या गतीनें थांबलें, तर तो जोर सुमारें नऊ पट होतो; वीस मीटर मिळाले तर अवघा दुप्पट. विद्यार्थ्यांनीं हे आंकडे स्वतः काढून पाहावे. उभें पीक, झुडपें, मोडणारे पंख हीं सर्व अशा वेळीं ब्रेकचें काम करतात. वाऱ्याचेंही तसेंच. ताशीं ९० किलोमीटरनें उतरणारें विमान २० किलोमीटरच्या वाऱ्यास तोंड देऊन उतरलें, तर जमिनीवरील वेग ७०. पाठ देऊन उतरलें, तर ११०. या दोहोंतील ऊर्जेचें प्रमाण एकास जवळ जवळ अडीच असें आहे.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास एका अपघातांतूनच उगवला. १९१७ सालीं ह्यू डीहेवन नांवाचा तरुण टेक्ससमध्यें विमानविद्या शिकत असतां हवेंतच दोन विमानांची टक्कर झाली. पोटास भयंकर इजा होऊनही तो वांचला, आणि आपण कां वांचलों हा प्रश्न त्यास सोडीना. पोटाची इजा पट्ट्याच्या बकलानें केली, असें त्याचें मत झालें. पुढें ५० ते १५० फुटांवरून पडून जगलेल्या माणसांचा अभ्यास त्यानें १९४२ सालीं प्रसिद्ध केला. तीं माणसें वांचलीं, कारण ज्यावर तीं पडलीं तें दबलें, आणि जोर शरीरावर पसरला. त्याच वर्षीं कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यानें अपघातांतील इजांचें संशोधन सुरू केलें. काचेचे पेले पाठवितांना आपण काय करतों? पेटी मजबूत घेतों, पेले आंत हलूं देत नाहीं, आणि भोंवतीं पेंढा भरतों. माणसासाठींही हेंच करावें, असें त्याचें सांगणें होतें. १० डिसेंबर १९५४ रोजीं जॉन स्टॅप या अमेरिकन लष्करी डॉक्टरानें स्वतःस पट्ट्यांनीं घट्ट बांधून घेतलें, आणि अग्निबाणाच्या गाडीवरून ताशीं सुमारें १,०१७ किलोमीटर वेगानें जाऊन १.४ सेकंदांत थांबून दाखविलें. तो जगला. अमेरिकेंत १९७८ पासून बांधलेल्या लहान विमानांच्या पुढील आसनांस खांद्यावरचा पट्टा सक्तीचा झाला, त्यामागें अशा संशोधनाची पुण्याई आहे.

एक गोष्ट मात्र गणितांत बसत नाहीं. विमान महाग असतें, बहुधा दुसऱ्याचें असतें. तें मोडूं नये अशी वैमानिकाची इच्छा असते. त्या इच्छेपायीं तो लांबची चांगली जागा धरूं पाहतो आणि जवळची बरी जागा गमावतो. एंजिन थांबलें त्या क्षणीं विमानावर पाणी सोडावें. पंख झाडांना देऊन माणसें राखावीं. टेकण्यापूर्वीं इंधनाची तोटी बंद, विजेची कळ बंद, दार किंचित् उघडें, पट्टे आवळलेले, असा क्रम हातांत बसलेला असावा. आग लागूं नये आणि दार अडकूं नये, एवढाच त्यांतील हेतु.

त्या मातोश्रींस आमचें उत्तर असें. रात्रीं, दाट अरण्यावर किंवा डोंगरांत निवडीस वाव थोडा राहतो. तेव्हां भय मुळींच नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु पुष्कळ एंजिनें इंधन संपल्यामुळें थांबतात, आणि तें जमिनीवरच टाळतां येतें. तेव्हां चिरंजीवांस एवढेंच विचारावें: टांकी भरलेली आहे असें कांटा दाखवीत असतां, सोबती घाई करीत असतां, प्रत्येक उड्डाणापूर्वीं टांकींत स्वतः काठी बुडवून पाहण्याइतका धीर तुझ्यापाशीं आहे काय? उत्तर 'होय' असेल, तर त्यास आमच्याकडे पाठवावें. अर्ज भरण्यास आम्ही मदत करूं.