मासळीची रोजकीर्द

मासळी बंदरावर उतरली की तिची ओळख पुसली जाऊ लागते. लिलावात अनेक होड्यांचा माल एकत्र होतो, बर्फाच्या पेट्यांतून तो कारखान्यात जातो, तेथे त्याचे तुकडे होतात आणि परदेशी दुकानात पोहोचेपर्यंत वेष्टनावर केवळ विक्रेत्याचे नाव उरते. बेकायदा पकडलेली मासळी याच वाटेवर इतर मालात मिसळते. परिणामी, नियम पाळणाऱ्या नाखव्याच्या मालाला चोरीच्या मालाहून वेगळा भाव मिळत नाही.

ही वाट उघड करण्यासाठी ‘ब्लॉकचेन’ तंत्राचा उपयोग करून पाहण्यात आला आहे. ब्लॉकचेन म्हणजे एक प्रकारची संगणकीय रोजकीर्द होय. तिची प्रत एकाच पेढीवर न राहता अनेकांच्या संगणकांवर असते. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात मागील गठ्ठ्याचा सांकेतिक ठसा असतो. मागाहून जुना आकडा बदलल्यास पुढचे ठसे जुळत नाहीत आणि लबाडी इतरांच्या ध्यानी येते.

इंडोनेशियातील मालुकू बेटांवर २०१६ साली ‘प्रोव्हेनन्स’ या लंडनच्या संस्थेने कुपा मासळीबाबत, म्हणजेच ट्यूनाबाबत, असा प्रयोग केला. मच्छीमार आपली पकड भ्रमणध्वनीवरील साध्या लघुसंदेशाने नोंदवीत. त्या नोंदीस स्वतंत्र ओळख मिळे. माल व्यापाऱ्याच्या हाती गेला की नोंदही त्याच्या नावे होई. फिजीमध्ये २०१८ साली सुरू झालेल्या प्रयोगात तर जहाजावरच माशाला रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिठ्ठी लावण्याची योजना होती.

तथापि, या वहीचे सामर्थ्य नोंद जपण्यात आहे, नोंद खरी करण्यात नाही. प्रथम लिहिलेले खोटे असेल तर तेही तितक्याच निष्ठेने जतन होते! चिठ्ठी भलत्याच माशाला लावली गेल्यास संगणकास त्याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच मालुकूत प्रत्यक्ष पडताळणीची जोड देण्यात आली होती.

गोव्याच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. युरोपीय संघात जाणाऱ्या समुद्री मासळीस २०१० पासून पकड प्रमाणपत्र लागते; भारतात ते काम सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण पाहते. होडी, मासळीची जात, वजन, पकडीचे क्षेत्र हा त्यातील तपशील मालीम किंवा कुटबणच्या धक्क्यावर, अनेक होड्यांचा माल एका पेटीत पडण्यापूर्वीच, टिपला जावयास हवा. वजनकाट्याजवळ तो कोणी टिपावा आणि त्या वेळेचा व श्रमाचा खर्च होडीवाल्याने सोसावा की निर्यातदाराने, हे संगणक ठरवीत नाही.