पोतंभर राख आणि गच्चीवरचे दोन किलोवॅट

महिन्याला २५० युनिट वीज जाळणारं घर घ्या. ती सगळी कोळशाची धरली, तर औष्णिक केंद्रात त्यापायी पावणेदोनशे किलोच्या आसपास कोळसा लागतो. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राखच; म्हणजे दरमहा सिमेंटच्या गोणीएवढी राख. ती चंद्रपूर-कोराडीकडच्या लोकांच्या वाट्याला येते, आपल्या बिलात येत नाही.

एवढ्या वापराला गच्चीवर २ किलोवॅट सोलर पुरतं. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं आणि सावली नसलेली शंभरेक चौरस फूट जागा मागतं. पाण्याच्या टाकीची सावली आधी बघा. विक्रेता ती क्वचितच दाखवतो.

खर्च सव्वा लाखाच्या आगेमागे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. त्यापुढे कितीही बसवा, ७८,००० च्या वर मिळत नाही. म्हणजे इथे ६०,००० सुटले. मात्र ते काम झाल्यावर, नेट मीटर लागल्यावर खात्यात जमा होतात, तोवर पैशांची सोय हवी. अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीचेच लागतात आणि विक्रेता योजनेत नोंदलेला असावा लागतो. कोटेशनमध्ये उंच स्ट्रक्चर, अर्थिंग, केबल धरलीय का, हे लिहूनच घ्या. ‘नंतर बघू’ म्हटलेलं सगळं नंतर महाग पडतं.

वाचलेलं युनिट ८ रुपयांचं धरलं, तर वर्षाला बावीस-तेवीस हजार वाचतात आणि पदरचे ६५,००० तीन वर्षांत वसूल होतात. तुमचा खरा दर बिलामागच्या टप्प्यांत बघा. वापर शंभर युनिटच्या आतच असेल तर वीज मुळात स्वस्त टप्प्यात पडते, वसुली लांबते, घाई नको. स्थिर आकार सोलरनंतरही भरावाच लागतो, तेव्हा ‘शून्य बिल’ ही जाहिरातीची भाषा समजा. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल असं धरून चाला.

फ्लॅटवाल्यांनी सोसायटीत विषय काढावा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे.

आणि हो, बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते.